ठकीला रिकाम्या पोटी आणा

ठकीचा पट्टा तिच्या हातातून निसटला तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. पोट जमिनीला टेकेल इतकी जड झालेली कुत्री अशी पळू शकते, हे तिला त्या दिवशी कळलं. प्राण्यांच्या तपासणी केंद्राच्या मागच्या पायरीवर कोणीतरी डबा उघडून बसलं होतं. तो पाण्याची बाटली घ्यायला मागे वळला आणि पुन्हा समोर बघतो तर डब्यात ठकीचं तोंड! भात, उकडलेली अंडी... सगळं साफ. वर डब्याचा तळ ती अशी काही चाटत होती, की घासायचं काम राहू नये.

"ठके! अगं ठके, सोड! सॉरी हं, खरंच सॉरी. ती अशी नाहीये. म्हणजे... अशीच आहे, पण एवढी नाही."

त्याने डब्याकडे बघितलं, मग ठकीकडे, मग तिच्याकडे. आणि हसला. "राहू दे. माझ्यापेक्षा तिला जास्त गरज दिसतेय. किती जणांचं जेवतेय ही?"

"तेच विचारायला आलोय," तिची आत्या मागून धापा टाकत पोचली. "हिच्या पोटाचा फोटो काढायचाय. तुम्हीच का फोटोवाले?"

"एक्स-रे काढतो. हो, मीच."

आणि तिला एकदम आठवलं. फोनवर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं – ठकीला रिकाम्या पोटी आणा. सकाळपासून तिने ठकीला पाण्याशिवाय काही दिलं नव्हतं. उपाशी कुत्रीच्या डोळ्यांदेखत आपण कसं खायचं, म्हणून स्वतःही चहासुद्धा न घेता निघाली होती. आणि आता हे!

"आता फोटो नीट येणार नाही का? परत यावं लागेल का? डॉक्टर रागावतील? भाताने पिल्लांना काही होणार तर नाही ना? आणि अंड्याने–"

"सगळं विचारून घ्या," तो म्हणाला, "मग एकदम उत्तर देतो."

"हिचं हे असंच," आत्या पायरीवर टेकत म्हणाली. "घरात हिला काळजीबाई म्हणतात. पाळणाघर चालवते ना. दिवसभर लोकांची पोरं श्वास घेतायत का ते बघायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आमचा."

"आत्या!"

"खोटं आहे का?"

तो ठकीपुढे उकिडवा बसला. तिच्या पोटाखाली हात घालून त्याने क्षणभर विचार केला. "बघू," तो म्हणाला. "आलाच आहात, तर काढू."

एक्स-रेची खोली लहानशी होती, अर्धवट अंधारी आणि गार. त्याने तिच्या अंगावर शिशाचा एप्रन चढवला तेव्हा तिचे खांदे एकदम खाली आले. एप्रनचा बंद मागून बांधावा लागतो. तो बांधताना त्याची बोटं कुठेही लागू नयेत म्हणून तो इतका जपत होता, की गाठ काही केल्या बसेना.

"एक विचारायचं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"विचारा ना."

"म्हणजे... नियम आहे. जनावर धरायला आत येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारावंच लागतं. तुम्हाला... दिवस गेलेले नाहीत ना?"

दार बंद होतं, पण आत्याचे कान तिखट होते. "अहो, लग्न नाही झालं तिचं!" बाहेरून आवाज आला. "ठरलं होतं. मोडलं!"

त्याचे कान शेंड्यापर्यंत लाल झाले. "भिंतीवर पाटी आहे," तो पुटपुटला. "मी माझ्या मनाचं नाही विचारलं."

"आणि मनाचं विचारायचं असतं तर?"

हे कोण बोललं? ती स्वतःच दचकली. प्रत्येक वाक्य तीनदा तोलून बोलणारी ती... आज जिभेला झालं तरी काय होतं?

"तर," तो ठकीचे मागचे पाय हळुवार धरत म्हणाला, "आत्याबाईंना आधी चहाला पाठवलं असतं."

ठकीला कुशीवर निजवून एक फोटो झाला, पाठीवर निजवून दुसरा. तिने पुढचे पाय धरले होते, त्याने मागचे. मध्ये ठकी होती. ढेकर देत.

पडद्यावर करड्या धुक्यातून हळूहळू आकार वर आले. "हे कणे," तो म्हणाला. "बारीक मण्यांच्या माळा दिसतात ना? पण हे मोजायचे नाहीत, एकमेकांत गुंततात. डोकी मोजायची. हे एक... हे दुसरं... तिसरं इथे, आणि चौथं खाली, आईच्या पाठीला टेकून."

ती श्वास रोखून बघत राहिली. नखाएवढी कवटी, तिच्यात डोळ्यांच्या खाचा. अजून जगात नाहीत, आणि तरी सगळी तयारी करून बसलेली!

त्याने पुन्हा मोजलं. मग त्याचं बोट वर सरकलं, जिथे ठकीच्या जेवणाचा मोठा पांढुरका ढग पसरला होता. तिथे ते थांबलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग वळून त्याने तिच्याकडे बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखी नजर एकदम दुसरीकडे वळवली.

"चार?" तिने विचारलं.

"...चार," तो म्हणाला. "चार दिसतायत."

डॉक्टरीणबाई आल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बघितलं, त्याही चारच म्हणाल्या. आणि ती घरी परतली ती त्या चोरट्या नजरेचा आपल्या परीने अर्थ लावत, तो खडीसाखरेसारखा पुरवत पुरवत.

निघताना त्याने सांगितलं होतं, "रोज सकाळ-संध्याकाळ टेंपरेचर बघा तिचं. एक दिवस एकदम खाली उतरेल. मग समजायचं, वेळ आली."

"आणि नाही उतरलं तर?"

"फोन करा."

"आणि उतरलं तर?"

"तरी करा."

"आणि आहे तसंच राहिलं तर?"

त्याने डोकं खाजवलं. "तर... तर नक्कीच करा."

मग रोज संध्याकाळी शेवटचं मूल आईच्या कडेवर बसून गेलं, की ती पाळणाघराचं दार लावायची, घरी धावत सुटायची, ठकीला थर्मामीटर लावायची आणि फोन उचलायची.

"आज किती?"

"कालच्याएवढंच."

"छान."

आता फोन ठेवायला हरकत नव्हती, पण कोणीच ठेवत नसे.

"बाकी?"

"बाकी काही नाही..."

आणि त्या 'काही नाही'तून तास तास निघायचे. त्या दिवशी कोणत्या बोक्याचं रक्त काढायचं होतं आणि त्याला टॉवेलात गुंडाळता गुंडाळता याच्याच हाताला कसं बँडेज लागलं, हे तो सांगायचा. कोणत्या पोराने आज वरणाचं भांडं डोक्यावर उलटं घातलं, हे ती सांगायची. एकदा तो म्हणाला, "मांजराची गंमत माहितीय? नुसतं घाबरलं तरी रक्तातली साखर वाढते. बघणाऱ्याला वाटतं, आजार आहे. म्हणून घाईने काही ठरवायचं नाही, आणखी एक तपासणी करायची."

"मग माझी साखर कायम वाढलेलीच असणार."

"तुम्ही घाबरट नाही आहात," तो म्हणाला. "तुम्ही बघता. घाबरणं वेगळं, बघणं वेगळं."

फोन ठेवल्यावर तिला जुनं एक वाक्य आठवलं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो म्हणाला होता, तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे घरात धोक्याची घंटा टांगून ठेवण्यासारखं आहे. हसत म्हणाला होता, त्यामुळे रागावताही आलं नव्हतं. तेव्हापासून तिला प्रत्येक काळजीला शेपूट जोडायची सवय लागली होती – 'उगाच विचारते हं', 'माझं आपलं काहीतरीच'. आणि आता हा म्हणत होता, तुम्ही बघता.

पण त्याच्या बोलण्यात एक अडखळ होती. बोलता बोलता मध्येच तो थांबायचा. "एक सांगायचं होतं..."

"काय?"

"...नाही. नंतर सांगतो."

त्या 'नंतर'ने तिची झोप उडवली. सांगायचं असेल ते हेच असेल का? की दुसरंच काही? त्याला कोणी आहे का? की आपणच भलत्याच भ्रमात आहोत? ती कूस बदलायची, उठून पाणी प्यायची, ठकीला बघून यायची, पुन्हा आडवी व्हायची.

"पिल्लं व्हायची वेळ आली, की कुत्री अंथरूण उकरते म्हणतात," पलीकडच्या खाटेवरून आत्याचा आवाज आला. "इथे कुत्री घोरतेय आणि उकरतेयस तू!"

मग एका रविवारी सकाळी टेंपरेचर उतरलं.

ठकी खोलीच्या कोपऱ्यात जुन्या चादरींवर गेली ती बाहेर आली नाही. पहिलं पिल्लू पांढरं, दुसरं आईसारखं तांबूस, तिसरं आणि चौथं ठिपक्यांची, शेजारच्या काळ्या कुत्र्याचा सगळा इतिहास अंगावर घेऊन आलेली. उन्हं डोक्यावर यायच्या आत चौघंही ओळीने आईला लुचत होती. आत्याने सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

"चार सांगितली, चार झाली," आत्या म्हणाली. "गणित जुळलं. आता हात धू आणि जेवायला बस."

पण तिचं लक्ष ठकीकडे होतं. ठकी पिल्लांना चाटत होती खरी. मध्येच उठायची, दोन पावलं जायची, कोपऱ्यातली चादर पंजांनी उकरायची. धापा टाकायची. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची आणि मग... तिच्याकडे बघायची.

"आत्या, ही निवांत नाहीये."

"चार पोरं झालीत तिला! ती काय, कोणीच निवांत नसतं."

शेजारच्या काकू डोकावून गेल्या. "बाळंतिणीचं असंच असतं गं." भावाला फोन केला तर तो म्हणाला, "एक्स-रेत चार आहेत ना? मग? तुझं नेहमीचंच सुरू झालं."

ती ठकीशेजारी जमिनीवर बसून राहिली. पाळणाघरात इतकी वर्षं काढल्यावर तिला एक कळत होतं – दमलेल्या पोराची चुळबुळ निराळी आणि काहीतरी बोचतंय म्हणून होणारी चुळबुळ निराळी. ही बोचरी होती. तासभर गेला. आणखी थोडा वेळ गेला. ठकी आता पिल्लांकडे बघेनाशी झाली. तिचं अंग थरथरत होतं.

तिने फोन लावला. शेपटं आधीच जुळवून ठेवली होती. "रविवारचा त्रास देतेय... उगाच असेल कदाचित, माझं आपलं–"

"काय करतेय ती?"

"उकरतेय. चार झालीत, पण–"

"आणा."

"पण तुम्ही चारच म्हणाला होतात..."

"मी काय म्हणालो ते मला माहितीय. आणा. आत्ताच्या आत्ता. पिल्लं टोपलीत घालून आणा. मी डॉक्टरांना बोलावून घेतो."

काळजी करू नका म्हणाला नाही. उगाच म्हणाला नाही. ती गाडीत मांडीवर ठकी, पायाशी टोपली घेऊन बसली आणि अशा घाबऱ्या वेळीही तिच्या मनात एक वेडी, कोवळी गोष्ट उमलत होती – कोणीतरी माझं ऐकलं. एका शब्दात ऐकलं.

तो फाटकातच उभा होता. ठकीला त्याने तिच्या हातातून उचललं ते थेट टेबलावर. या वेळी एप्रनची गाठ झटक्यात बसली. पडद्यावर करडं धुकं... आणि बरगड्यांच्या आत, जिथे त्या दिवशी पांढुरका ढग होता तिथे, स्वच्छ, एकटं, एक डोकं.

"पाचवं," ती म्हणाली.

त्याने सोनोग्राफीचं गार जेल ठकीच्या पोटावर पसरलं, यंत्र फिरवलं. काळ्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता. डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. "आहे. पण ठोका मंद आहे. हवा त्यापेक्षा बराच मंद." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "कॅल्शियम बघ पटकन. ते कमी असेल तर इंजेक्शन देऊन कळा आणता येतील. नाहीतर पोट उघडावं लागेल."

त्याने ठकीच्या पायातून रक्त घेतलं आणि पलीकडच्या यंत्रात थेंब सोडला. यंत्र घुमत राहिलं. त्या घुमण्याइतका लांब आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता. ती ठकीच्या कानामागे बोटं फिरवत राहिली. ठकी जाईल का? ठकी गेली तर टोपलीतल्या चौघांचं काय?

"कॅल्शियम ठीक आहे," तो म्हणाला. आणि ठीक हा शब्द इतका वाईट वाटू शकतो, हेही तिला तेव्हाच कळलं.

ऑपरेशनला माणसं कमी होती. रविवारच तो. थोड्या वेळाने दार उघडलं आणि त्याने तिला हाक मारली. "आत या. टॉवेल घ्या." त्याच्या तळहातावर काहीतरी काळपट, ओलं, निपचित पडलं होतं. त्याने त्याचं तोंड पुसलं, नाक साफ केलं आणि ते तिच्या टॉवेलात ठेवलं. "घासा. जोरात."

"दुखेल हो त्याला–"

"दुखू दे. घासा."

ती घासत राहिली. पाठ, छाती, पुन्हा पाठ. काही नाही. "होत नाहीये..." "आणखी." त्याचे हातही टॉवेलात आले, तिच्या हातांवरून, तिच्या हातांबरोबर. कुणाचा अंगठा कुठला ते कळत नव्हतं. आणि मग त्या गाठोड्यातून एक आवाज आला – बिजागरी करकरावी तसा, जेमतेम.

पुन्हा आला. मग तक्रारच सुरू झाली.

ती हसायला लागली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम. तोही. टेबलावर टाके घालता घालता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई पण बरी आहे हो. तुमचं चालू द्या."

ठकीला गुंगीतून जाग यायची होती. बाहेरच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन ती बसली होती, पाचही जणांवर हात ठेवून. तो समोर उभा राहून हात पुसत होता. केव्हाचा पुसत होता.

"एक सांगू?" ती म्हणाली. तिला आज कशाचीच भीती उरली नव्हती. "मी काही म्हटलं ना, की सगळे म्हणतात उगाच. सगळे. तुम्ही एकटेच आणा म्हणालात. काही न विचारता. तुम्हाला नाही कळणार, मला काय वाटलं ते..."

त्याने मान हलवली असती तर संपलं असतं. छान संपलं असतं.

"तसं नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"मला त्याच दिवशी शंका आली होती." त्याने रुमाल खिशात कोंबला, पुन्हा काढला. "पोट भाताने भरलेलं. त्या ढगामागे एक बारीकशी कमान दिसत होती. म्हणजे दिसतही होती, नव्हतीही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी परत बोलवायचं, ही साधी रीत आहे. मी कोणालाही बोलावलं असतं."

"मग आम्हाला का नाही?"

"कारण तुम्ही परत यावं असं मला वाटत होतं."

पिल्लांवरचा तिचा हात जागीच थांबला.

"मला वाटलं, मी निमित्त शोधतोय. भात, कमान, सगळं निमित्त. माझाच मला संशय आला. एवढ्या अवघडलेल्या जनावराला पुन्हा इतक्या लांब आणायला लावायचं... कशासाठी? तर मला तुम्हाला बघायचंय म्हणून? लाज वाटली. म्हणून चार म्हणालो. नंतर रोज फोनवर सांगणार होतो. रोज नंतर म्हणत राहिलो."

पहिलं वाक्य ऐकून तिच्या गालांवर जे ऊन आलं होतं ते शेवटच्या वाक्यापर्यंत पार मावळलं.

"म्हणजे आज तुम्ही माझं ऐकलं नव्हतं," ती हळू म्हणाली. "तुम्हाला तुमची कमान आठवली होती."

"दोन्ही... पण हो. आधी कमान."

"ठकी गेली असती."

"हो."

त्याने एकही सबब पुढे केली नाही. त्यामुळे तिला जास्तच राग आला. "मग बोलवायचं ना!" तिचा आवाज फाटला, टोपलीतलं एक पिल्लू दचकलं. "मनातलं मनात ठेवायचं होतं, हवं तर. ठकीच्या पोटातलं कशाला मनात ठेवलंत?"

थोड्या वेळाने ठकी शुद्धीवर आली. ठकीला घेऊन ती निघाली तेव्हा तो फाटकापर्यंत आला, पण फाटक ओलांडलं नाही.

मग संध्याकाळचे फोन बंद. थर्मामीटर डबीत. पण सवय ती सवय. शेवटचं मूल गेलं, की पाय आपोआप घाई करायचे आणि घरी पोचल्यावर घाई कशाची होती ते आठवेनासं व्हायचं. पाचवं पिल्लू सगळ्यात लहान होतं आणि चौघांच्या डोक्यावर पाय देऊन सगळ्यात आधी दुधापाशी पोचत होतं. हे कोणाला तरी सांगावंसं वाटायचं. कोणाला तरी म्हणजे कोणाला, ते तिला चांगलं माहीत होतं. म्हणून ती भांडी घासायला घ्यायची.

टाके काढायला ठकीला घेऊन आत्या एकटीच गेली. ही काही गेली नाही.

"फोटोवाल्याने डॉक्टरीणबाईंना आपणहून सांगितलं म्हणे," परत येऊन चप्पल काढता काढता आत्याने सुरुवात केली. "खूप बोलल्या त्या त्याला. आता जनावर खाऊन आलं, की फोटो काढायचाच नाही, असं ठरलंय तिथे. मला म्हणाला, आत्याबाई, चूक माझी. मी म्हटलं, माहितीय. माझी भाची त्या दिवसापासून भांडी आपटतेय."

"तू असं म्हणालीस?"

"मग काय म्हणू? आपटत नाहीस? माझं झाकण चेपलंय." आत्या पंख्याखाली बसली. "हे बघ बाई. तो आधीचा तुझ्या प्रत्येक बोलण्याला बरोबर बरोबर म्हणायचा आणि चारचौघांत जाऊन हसायचा. ह्याला तू आयतं चांगलं म्हणत होतीस, तर हा म्हणतो, नको, मी तेवढा चांगला नाही. वेडा आहे."

"वेडा म्हणजे चांगला, की वाईट?"

"ते तू ठरव. मला जरा पडू दे. तुझ्यामुळे घरात कुत्रीसकट कोणाला डोळा लागत नाही."

ठरवायचं कसं पण? चूक मोठी होती, तिच्या ठकीच्या जिवाशी होती. पण जगात चुका लपवणारे ढिगाने. हा मात्र, लपवली असती तर आयुष्यभर कळली नसती अशी चूक, तिच्या हसऱ्या तोंडावर सांगून मोकळा झाला होता. रागावली की तिला हे आठवायचं, आणि हे आठवलं की आपण रागावलोय हे आठवायचं. असं दिवसभर.

मग एका दुपारी पाळणाघरात पोरं झोपली होती. गाद्यांवर ओळीने, कोणाचा पाय कोणाच्या पोटावर. पंखा फिरत होता. ती नेहमीसारखी एकेकाच्या छातीचं वर-खाली बघत ओळीच्या टोकाला पोचली आणि दारात कोणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं.

तो. हातात काही नाही. ना फाईल, ना पिशवी.

"श्श!" तिने ओठांवर बोट ठेवलं आणि चवड्यांवर धावत दाराशी गेली. "काय झालं? रक्ताचं काही आलं का? टाक्यांचं? पाचव्याचं काही–"

"रक्त उत्तम," तो कुजबुजला. "टाके उत्तम. पाचही उत्तम. काहीच झालेलं नाही."

"मग?"

"तेच सांगायला आलोय. काहीच कारण नाहीये. मला तुम्हाला बघायचं होतं."

कुजबुजत बोलायचं म्हणजे जवळ उभं राहावं लागतं. ती मागे सरकली नाही. हात मोकळे राहीनात म्हणून तिने शेजारच्या पोराचं नीट असलेलं पांघरूण पुन्हा नीट केलं.

"माझा राग गेलेला नाही."

"माहितीय. गेल्यावर यायचं, असंच ठरवलं होतं. मग म्हटलं, पुन्हा 'नंतर'च होतंय हे."

तिला हसू आलं आणि ते पोरांच्या भीतीने तिने नाकातच दाबलं. "माझ्याबरोबर राहणं सोपं नाही," ती म्हणाली. "मी घराबाहेर पडताना गॅस तीन-तीनदा बघते. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी बोट धरते."

"मी मशीन बंद केलं का बघायला अर्ध्या वाटेतून परत जातो. कालही गेलो. दोनदा."

"बंद होतं?"

"दोन्ही वेळा."

"अरे देवा. मग आपण दोघं घराबाहेर पडणार कधी?"

आपण. तिने जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. आणि समोरचे कान पुन्हा शेंड्यापर्यंत लाल.

"पडू की," तो म्हणाला. "जरा उशिरा."

पंखा फिरत राहिला. कोणीतरी झोपेत अंगठा चोखत होतं.

"एक अट आहे," ती म्हणाली. "शंका आली, की त्याच दिवशी सांगायची. तुमची असो, माझी असो. आणि मी काही म्हटलं, की ते... म्हणजे मी चुकतही असेन कधी, पण आधी–"

"आधी आणा म्हणायचं. मग तपासायचं."

"हो."

"मान्य. आत्ताच एक शंका आहे."

"काय?"

"तो कोपऱ्यातला जागा आहे. मघापासून आपल्याकडे बघतोय."

तिने वळून बघितलं. कोपऱ्यातले दोन टपोरे डोळे अनोळखी माणसावर खिळले होते. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला... आणि मग जो सूर लागला, त्याने शेजारचं पोर उठलं, त्याने त्याच्या शेजारचं, आणि बघता बघता अख्खी ओळ उठून बसून रडायला लागली.

"मी... मी निघू का?" तो गोंधळून दाराकडे सरकला.

"निघू? उठवलं कोणी? धरा!"

आणि तिने सगळ्यात मोठ्याने रडणारं पोर त्याच्या हातात दिलं. त्याने ते जपून धरलं, एक हात छातीखाली, एक हात मागे, चावेल की काय अशा बेताने. पोराला इतकं नवल वाटलं, की ते रडायचं विसरून त्याच्या नाकाकडे हात नेऊ लागलं. दोन पोरं कडेवर आणि एक पायाशी घेऊन ती त्या गदारोळातून ओरडली, "आणि संध्याकाळी फोन करा!"

"काय सांगायला?" तोही ओरडला.

"काही नाही सांगायला!"

त्या दुपारी पाळणाघरात कोणाचीच झोप पुरी झाली नाही.